अल्पशा आजाराने नव्हे

वैजू,

पुण्याच्या पेपरात तुझ्या निधनाची चौकट आली. दादानं, तुझ्या भावानं, दिली होती. भाचीच्या लग्नातला फोटो, खाली चार ओळी, आणि दुसऱ्या ओळीत 'अल्पशा आजाराने'. वीस वर्षं उपसंपादकाच्या टेबलावर बसून हे दोन शब्द मी शेकडो चौकटींत बसवले आहेत. आजार कितीही लांबला तरी चौकटीतली जागा तेवढीच असते. तुझा आजार चौदा महिन्यांचा होता. छापून आलेलं चुकीचं असेल तर दुरुस्ती देतात, म्हणून हे लिहितो आहे. जन्म, शिक्षण, हुद्दा हे दादानं बरोबर दिलं आहे. त्यात हात घालत नाही.

टिलबर्गला आपण आठ वर्षं राहिलो. तू सकाळच्या ट्रेननं आइंडहोवनला जायचीस, चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करायला. मी तुझ्या नोकरीच्या परवान्यावर परदेशी आलेला नवरा. घर सांभाळायचं आणि पुण्याच्या एका मासिकाचा मजकूर तपासायचा, एवढं माझं काम. निघताना तुझ्या मावशींनी विचारलं होतं, "जावईबापू तिकडं काय करणार?" तू म्हणालीस, "पोळ्या." मावशी हसल्या नाहीत. पोळ्या मी खरंच शिकलो. तव्यावरची पहिली, कच्ची राहिलेली, तिला तू डाक आवृत्ती म्हणायचीस, घाईनं छापून बाहेरगावी धाडतात ती. शेवटची जरा बरी जमायची, ती शहर आवृत्ती.

पडद्यांचं भांडण मिटलं नाही. या देशात लोक पुढच्या खोलीच्या मोठ्या खिडकीला पडदा लावत नाहीत, आणि तुला ते आवडायचं. मी म्हणायचो, रस्त्यानं जाणाऱ्याला आपली आमटी कसली आहे ते कळायला नको. तू म्हणायचीस, "कळू दे की. दुपारी पाव आणि चीज खाल्लंय बिचाऱ्यांनी." शेवटी अर्धा पडदा लावला, खालून चार फूट. त्यावर आपण दोघंही नाराज होतो.

पहिल्या टाळेबंदीच्या वसंतात तुझं निदान झालं. हॉस्पिटलात फक्त पेशंटला आत सोडत होते. मी गाडीतळावर गाडीत बसायचो, तू आत गेलीस की फोन लावून तो टेबलावर पालथा ठेवायचीस, आणि डॉक्टरांचं बोलणं मी स्टिअरिंगवर वही ठेवून लिहून घ्यायचो. परत येताना तू वही मागायचीस. एकदा वाचून म्हणालीस, "उपसंपादक, यात माझं एकही वाक्य नाही." तपासून पाहिलं. खरोखर नव्हतं. डॉक्टर काय म्हणाले तेवढंच मी लिहीत होतो. पुढच्या खेपेपासून तुझीही वाक्यं लिहायला लागलो. ती वही आहे माझ्याकडं.

आता मुख्य मुद्दा.

दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत, शेवटच्या स्कॅननंतर, हॉस्पिटलातून फोन आला. तू झोपली होतीस. डॉक्टरांनी मला काही सांगितलं नाही, उद्या दहाला पुन्हा करतो म्हणाले. पण आवाज मला कळला. माणूस वाईट बातमी हातात धरून दुसऱ्या कुणाची वाट बघत असतो तेव्हाचा आवाज. फोन ठेवला आणि स्वयंपाकघराचं दार लावून मी पॅरासिटामॉलबाईंना फोन केला.

हे नाव तूच ठेवलेलं. इथं कुठलंही दुखणं आधी घराजवळच्या डॉक्टरकडं न्यावं लागतं, आणि आपल्या डॉक्टर खोकल्यापासून पाठदुखीपर्यंत पहिला उपाय तोच सांगायच्या. बाई उंच, सायकलवरून यायच्या, इंग्रजी सावकाश बोलायच्या. मी त्यांना म्हटलं, हॉस्पिटलला तुम्ही कळवा. उपचार थांबवायचे असतील तर तसं तिला सांगू दे. पण किती दिवस उरलेत ते सांगू नये. मला सांगा, तिला नको.

मला ही विनंती सरळ वाटली होती. माझ्या वडिलांच्या वेळी काका आणि मी मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांना केबिनबाहेर गाठून हेच बोललो होतो, आणि डॉक्टरांनी मान डोलावली होती. वडील शेवटपर्यंत अल्सर समजत राहिले. निदान आम्ही तसं समजत राहिलो.

बाई म्हणाल्या, "ती माहिती तिची आहे. तिनं विचारलं तर मी सांगणार. नाही विचारलं तर आपणहून मुदत बोलणार नाही."

"आणि मी फोन केला हे?"

"तेही विचारलं तर सांगणार."

दुसऱ्या दिवशी दहाला फोन स्पीकरवर होता. औषध लागू पडत नाही, थांबवू, त्रास कमी ठेवू, असं डॉक्टर म्हणाले. पुढं साधारण काय आणि किती काळ, हे जाणून घ्यायचं आहे का, असंही त्यांनी विचारलं. तू माझ्याकडं पाहिलंस आणि "नको" म्हणालीस. मला चहा टाकायला सांगितलास. मी चहा टाकला. त्या वेळी मला बरं वाटलं होतं, हे नोंदवून ठेवतो.

मार्चमध्ये मी पुण्याचा विषय काढला.

"आईंना भेटून येऊ."

"आत्ता?"

"आत्ता."

"नऊ तास मास्क लावून विमानात, मग विलगीकरण, मग आई दारात उभी राहून विचारणार, केस कुठं गेले. नको."

"केस आलेत की थोडे."

"शिरीष, मी इथं बरी आहे."

तुझ्या आईंना आजाराचं काही सांगितलेलं नव्हतं. ऐंशीच्या पुढचं वय, घराबाहेर पडणं बंद. दादा म्हणाला सांगू नका, मी दादाच्या बाजूनं बोललो. तू दोन दिवस वाद घातलास. "तुम्हा दोघांना बातम्या दाबायची फार हौस," म्हणालीस, आणि मग सोडून दिलंस. रोज सकाळी डोक्याला स्कार्फ बांधून खिडकीकडं तोंड करून बसायचीस आणि चिंचवडला व्हिडिओ कॉल लावायचीस. आई विचारायच्या, "एवढी थंडी आहे का गं घरात?" तू म्हणायचीस, "हीटर जपून वापरतो आम्ही."

एप्रिलमध्ये भारतातल्या बातम्या वाईट होत गेल्या आणि प्रवासाचा प्रश्नच उरला नाही. मी कागदावर हिशेब मांडत होतो. तुला मुदत माहीत नाही, म्हणून तुला वाटतंय आई पुढच्या वर्षी भेटतील. माहीत असती तर मार्चमध्ये तू निघाली असतीस. म्हणजे तुझी आणि आईंची भेट माझ्या फोननं गेली. हे मी तुला सांगू शकत नव्हतो, कारण ते सांगायचं तर आधी दिवस थोडे उरलेत हे सांगावं लागलं असतं.

तू मात्र कामात होतीस. इथल्या रीतीप्रमाणं आपल्याकडंही वाढदिवसांचं कॅलेंडर संडासाच्या दाराला आतून टांगलेलं होतं, पण त्यात तीनच नावं होती. तू गल्लीतल्या सगळ्यांचे वाढदिवस विचारून आणलेस आणि जाड पेनानं, मराठीत, लिहून काढलेस. नावापुढं सूचना. 'यान, शेजारचे. केक न्यायचा. बायकोचंही अभिनंदन करायचं, मुलीचंही.' यान आजोबांच्या वाढदिवसाला मला कुंपणाशी उभं केलंस आणि स्वतः खुर्चीत बसून बघत राहिलीस. मी इथल्या पद्धतीनं, दीड मीटर अंतरावरून, घरातल्या चार माणसांचं अभिनंदन केलं. आत आल्यावर म्हणालीस, "जावयाचं राहिलं." वीज कंपनीला फोन करायचा असला की म्हणायचीस, "तूच कर, मी मीटिंगमध्ये आहे." तू आजारपणाच्या रजेवर होतीस आणि मांडीवर उशी घेऊन बसली होतीस. मला वाटायचं, दिवस काढायला हे चाललंय.

मेमध्ये पलंग पुढच्या खोलीत आला. पडदा काढायला लावलास. मी वाद घातला नाही. येणारे-जाणारे हात करायचे, तूही करायचीस. नर्स दिवसातून दोनदा येत. जूनच्या सुरुवातीला, सकाळी, कचऱ्याची गाडी गल्लीत होती तेव्हा तू गेलीस. वेदना नव्हती. मी उजव्या बाजूला होतो.

तासाभरानं दादाला फोन केला. तो रडला, मग म्हणाला, "आईला सांगतो कोविड झाला. आठवड्यात गेली. सध्या सगळ्यांचं तसंच चाललंय, तिला पटेल." मी "ठीक आहे" म्हणालो. आजार लपवल्यानंतर आईंना तुझ्या बाबतीत दिलेली ही माझी दुसरी खोटी बातमी.

पॅरासिटामॉलबाई गेल्या आठवड्यात येऊन गेल्या. इथं घरात माणूस गेलं की काही आठवड्यांनी डॉक्टर मागं राहिलेल्याला भेटायला येतात. तपासायचं काही नसतं. बसतात, कॉफी घेतात. बाईंनी मास्क काढून खिडकी उघडायला सांगितली, टेबलाच्या त्या टोकाला बसल्या. झोप येते का, जेवतोस का, असं विचारलं. मी उत्तरं दिली. त्या उठतील असं वाटलं तेव्हा मी म्हटलं, "मी फेब्रुवारीत तुम्हाला फोन केला होता. त्यानंतर तिनं तुम्हाला कधी काही विचारलं का?"

बाईंनी कप खाली ठेवला. "तिनं सांगून ठेवलं होतं, त्यानं विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर राहू द्या. विचारलंस ते बरं झालं."

मग त्यांनी सांगितलं. स्पीकरवरच्या त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी तू त्यांच्या दवाखान्यात गेलीस. वेळ न घेता. "या देशात असं कुणी येत नाही," बाई म्हणाल्या. मला तो दिवस लक्षात आहे. कोथिंबीर आणते म्हणून गेलीस, बर्फ पडलेलं होतं, तासानं रिकाम्या हातानं आलीस आणि म्हणालीस, शिळी होती.

"तिनं किती वेळ आहे ते विचारलं. उन्हाळा लागेपर्यंत, फार तर थोडा पुढं, असं मी सांगितलं. मग तिनं विचारलं, 'माझ्या नवऱ्याचा फोन आला होता ना?' मी हो म्हणाले. ती इतकी हसली की तिला खोकला आला. पाणी द्यावं लागलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तो पेपरवाला आहे. जागा कमी पडली की ते शेवटचा परिच्छेद कापतात."

मी पुण्याचं विचारलं. बाई म्हणाल्या, "प्रवासाचा विषय मीच काढला होता. जायचं असेल तर आत्ताच जा, पत्र देते, म्हणाले. ती म्हणाली, आईच्या घरी मी अकरा माणसांची पेशंट होईन. इथं अजून माझ्या स्वयंपाकघरात बसून कुणालातरी रागावता येतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तेही विचारलं मी. म्हणाली, त्याला वाटतंय तो मला सांभाळतोय. ते काम असू दे त्याच्याकडं."

वैजू, हे ऐकून मला आधी राग आला. तो साधारण अर्धा तास टिकला. चार महिने मी मोजून-मापून बोलत होतो आणि तू सगळं माहीत असून दाद देत होतीस. मग राग गेला. बाई गेल्यावर कप धुतले, पलंगाच्या जागेवर आता खुर्ची आहे तिथं बसलो आणि दुपारी बारापासून साडेतीनपर्यंत झोपलो. तू गेल्यापासून अशी झोप आलेली नव्हती. तुझी भेट मी हिरावली नव्हती. तू विचार करून नको म्हणाली होतीस, आणि तुझा विचार मला पटो न पटो, तो तुझा होता. तो फोन करणं चूक होतं. तू असताना हे बोलायला हवं होतं. बोललो असतो तर तू काय म्हणाली असतीस ते आता कळलेलं आहे, ही मोठी सवलत आहे. सगळ्यांना ती मिळत नाही.

एक गोष्ट राहिली होती. बाई दारात सायकलचं कुलूप काढताना म्हणाल्या होत्या, "तिची आई कशी आहे?"

"त्यांना वाटतं, करोनानं गेली."

बाईंनी मास्क लावलेला होता, त्यामुळं चेहरा कळला नाही. "अच्छा," एवढंच म्हणाल्या, आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी दादाला फोन केला. आईंना खरं सांगणार आहे म्हटलं. तो चिडला. "आता काय उपयोग? कशीबशी सावरली आहे. तिला परत एकदा तेच ऐकवायचं?"

"एकदाही ऐकवलेलं नाही, दादा."

"तुला मोकळं व्हायचंय म्हणून?"

हा आरोप पूर्ण खोटा नव्हता. मग तोच म्हणाला, "मी शेजारी बसतो तिच्या. लाव तू."

आई पडद्यावर आल्या. मी पहिल्यापासून सांगितलं. निदान, औषधं, ते थांबवणं. कोविड झाला नव्हता, आठ दिवसांत काही झालं नव्हतं, तुम्हाला सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं, वैजूला ते पटलेलं नव्हतं. त्या ऐकत होत्या. दादा खाली बघत होता.

"किती महिने म्हणालात?"

"चौदा."

"म्हणजे दिवाळीत स्कार्फ होता तो…"

"हो."

आई म्हणाल्या, "शिरीषराव, ती गेली तेव्हा कुठं होती?"

"घरी. पुढच्या खोलीत, खिडकीजवळ."

"घरी? तुम्ही कुठं होतात?"

"जवळ. हात धरून बसलो होतो."

"पिशवीत नाही घातलं तिला?"

मला प्रश्न लगेच कळला नाही. दादाला कळला. त्यानं तोंडावर हात ठेवला. आईंच्या इमारतीतली तीन माणसं त्या उन्हाळ्यात हॉस्पिटलात गेली आणि परत आली नव्हती. कुणी चेहरा पाहिला नव्हता. आम्ही त्यांना कोविड सांगितलं आणि बाकीचं चित्र त्यांनी स्वतः पुरं केलं. नळ्या, काच, परका देश, प्लास्टिकची पिशवी, आणि जवळ कुणी नाही. महिनाभर त्या ते घेऊन बसल्या होत्या. त्यांना दुःख होऊ नये म्हणून आम्ही दिलेलं हे.

"नाही," मी म्हटलं. "दोन दिवस घरीच होती. अंत्यसंस्कारवाल्या एक बाई आल्या होत्या, त्यांनी आणि मी अंघोळ घातली. साडी नेसवली."

"कुठली?"

"मोरपंखी, नारायणपेठ. तुम्ही दिलेली."

"तुम्हाला येते नेसवता?"

"नाही. मोबाइलवर बघून नेसवली. निऱ्या पाचच झाल्या."

"पदर कुठल्या खांद्यावर?"

"डाव्या."

"मग झालं," आई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं डोळे पुसले, आणि दादाला म्हणाल्या, "ऐकलंस ना, घरी होती." ते त्यांनी दोनदा म्हटलं. तुझ्या आईंचा श्वास मला फोनवर ऐकू आला, लांब, सुटल्यासारखा. माझाही तसाच निघाला असावा, कारण दादानं आमच्या दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं.

मग त्यांनी विचारलं, खात काय होती. मी सांगितलं. मऊ भात, मग फक्त पेज, शेवटी इथलं खोक्यातलं पातळ कस्टर्ड, ज्याला तू आठ वर्षं खळ म्हणत आली होतीस. आई हसल्या. आणखी विचारायला लागल्या तेव्हा मला जाणवलं की त्या मधूनच कुठूनतरी विचारताहेत आणि मीही मधूनच सांगतोय. ते त्यांच्याही लक्षात आलं. शाळामास्तरीण आहेत.

"असं नको," म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून सांगा. रोज थोडं. गाळू नका काही."

तेव्हापासून गाडीतळावरची वही उघडून रोज फोन करतो. तुझी वाक्यं आली की आई थांबवतात आणि पुन्हा वाचायला लावतात. काल चौथा फोन झाला. आम्ही अजून पहिल्याच उन्हाळ्यात आहोत. तुझे केस नुकतेच जायला लागले आहेत, आणि यान आजोबा तुला त्यांची गवती हॅट देऊ करताहेत. तू ती घेतलीस की नाही, ते आईंना उद्या अकरा वाजता कळेल.